सेटल झालास का?

तिशी जवळ आली की आपल्याकडे प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात एक प्रश्न ठरलेला असतो. ‘काय रे, सेटल झालास का?’ सेटल होणं म्हणजे नोकरी, छोकरी आणि स्वतःचा फ्लॅट! माझ्या पहिल्या दोन गोष्टी जमल्या होत्या. तिसरीसाठी 2022 च्या दिवाळीनंतर एका शनिवारी आम्ही दोघं बँकेत जाऊन बसलो. समोरच्या मॅडमनी आमचे पॅन नंबर टाइप केले, जरा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘सर, तुमच्या नावावर तर ‘सेटल्ड’ दिसतंय.’’

बायको हसली. तिला वाटलं, मॅडम कौतुक करताहेत. मला मात्र बँकेच्या एसीत घाम फुटला.

थोडं मागे जाऊ या. 2013 साल. हिंजवडीतली पहिली नोकरी. कंपनीच्या कँटीनबाहेर टाय लावलेला एक मुलगा टेबल मांडून बसायचा. ‘‘सर, लाइफटाइम फ्री आहे, फक्त एक सही.’’ मी सही केली, आणि मग जे तुम्ही केलंत तेच मीही केलं. फोन घेतला, बूट घेतले, मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आलो. बिल आलं की त्यावरचा सगळ्यात छोटा आकडा शोधायचा. मिनिमम अमाऊंट ड्यू! तेवढा भरला की महिना सुटला. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज चढतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर प्रोजेक्ट संपला, मी बेंचवर आलो आणि मग घरी. चार महिने नोकरी नव्हती. कार्डाचा आकडा 62 हजारांवर पोचला होता.

मग फोन सुरू झाले. सकाळी आठला, रात्री नऊला. शेवटी 2016 मध्ये एक गोड आवाज म्हणाला, ‘‘सर, वन टाइम सेटलमेंट करू या. 24 हजार भरा, बाकीचं आम्ही सोडून देतो.’’ 38 हजार माफ! मित्राकडून उसने घेऊन पैसे भरले, कार्ड कात्रीनं कापलं आणि त्याच संध्याकाळी रूमवर पिझ्झा मागवला. विषय संपला होता. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

बँकेच्या भाषेत ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. क्लोज्ड म्हणजे पूर्ण फेडलं. सेटल्ड म्हणजे पूर्ण फेडलं नाही, बँकेनं हात टेकले. सहा वर्षांनंतरही माझ्या सिबिल रिपोर्टवर हाच दुसरा शब्द चिकटलेला होता. स्कोअर 300 ते 900 मध्ये मोजतात. बायकोचा 791, माझा 648. मॅडमनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून कागद आमच्याकडे सरकवला. दहावीत शेजारच्या मुलीचे मार्क आईसमोर वाचले जायचे ना, अगदी तस्सं वाटलं.

परत येताना स्कूटरवर बायको एक शब्द बोलली नाही. कर्वे रोडवर अमृततुल्यापाशी थांबलो. अर्धा कटिंग संपल्यावर ती म्हणाली, ‘‘पैशांचं जाऊ दे रे. लग्नाला चार वर्षं झाली, मला सांगितलं का नाहीस?’’

मी म्हटलं, ‘‘अगं, संपलं होतं ते.’’

‘‘संपलं होतं, तर लपवलं कशाला?’’

याला उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे दिले.

त्यानंतर मी आणखी एक गाढवपणा केला. ‘या बँकेनं नाही दिलं तर दुसरी देईल’ म्हणत पंधरा दिवसांत तीन ठिकाणी अर्ज टाकले. कर्जासाठी अर्ज केला की बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्या चौकशीची नोंद रिपोर्टवर होते. एकापाठोपाठ एक नोंदी झाल्या की माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय असा अर्थ निघतो. 648 चे 631 झाले. आपला स्कोअर आपणच बघितला तर तो कमी होत नाही, एवढं तेव्हा माहीत असतं तर आधी घरी बसून तो बघितला असता. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिलकडूनही आणि एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन कंपन्यांकडूनही.

बायकोनं पर्याय सुचवला, कर्ज तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं. पण तिच्या पगारावर गाडी 24 लाखांच्या पुढे जात नव्हती. शिवाय खरं सांगू? माझा इगो आडवा आला. शेवटी बाबांना फोन केला. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता तासगावला असतात. आयुष्यात त्यांनी हप्त्यावर साधा पंखा घेतलेला नाही. मी सगळं सांगितलं. गोव्यासकट.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘आपल्या वाण्याची वही आठवते का तुला? पगार झाला की मी पहिल्यांदा तिथं जायचो. एका वर्षी संप होता, पगार नव्हता. वाणी म्हणाला, राहू द्या कंडक्टरसाहेब, सोडून देतो. मी नाही सोडू दिलं. वाण्यानं पैसे सोडले ना बाळा, की उधारी मिटते आणि पत जाते. राहिलेले पैसे भरून टाक.’’

सहा वर्षांपूर्वी माफ झालेले पैसे आपणहून भरायचे? मित्रांनी वेड्यात काढलं. पण मार्ग खरंच तोच होता. कस्टमर केअरला फोन केला, तर माझं खातंच त्यांना सापडेना. शेवटी नोडल ऑफिसरला लेखी पत्र पाठवलं, तेव्हा चक्रं हलली. 38 हजार भरले, नो ड्यूज सर्टिफिकेट मिळवलं, आणि ते जोडून सिबिलच्या साइटवर तक्रार नोंदवली. पहिल्या फोनपासून ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ होईपर्यंत चार महिने गेले. आता नियम जरा कडक झालेत. एप्रिल 2024 पासून अशी तक्रार 30 दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई म्हणून मिळतात.

शब्द बदलला म्हणून स्कोअर लगेच उडी मारत नाही. त्याला वेळच द्यावा लागतो. बँकेत 20 हजारांची एफडी ठेवली आणि त्यावर मिळणारं कार्ड घेतलं. त्यावर फक्त पेट्रोल भरायचं, आणि बिल आलं की पूर्ण फेडायचं. मिनिमम ड्यूच्या आकड्याकडे बघायचंसुद्धा नाही. नवीन अर्ज नाही, नवा ईएमआय नाही. फोनची काच तडकली होती, तोच फोन वर्षभर वापरला. दर तीन महिन्यांनी आकडा बघायचो. 668, 690, 712... वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखं. बायको आधी विचारायची नाही. 700 ओलांडले त्या दिवशी मात्र तिनंच मोबाइल हातातून ओढून घेतला.

2024 च्या उन्हाळ्यात 734 वर असताना पुन्हा बँकेत गेलो. धायरीतला रिसेलचा टू बीएचके, किंमत 48 लाख. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. आम्हाला 38 लाख मंजूर झाले, 20 वर्षांसाठी, साडेनऊ टक्क्यांनी. कर्ज दोघांचं, पण दर लावताना बँकेनं कमी स्कोअर धरला. दोघांचाही बायकोसारखा असता तर पावणेनऊ टक्के मिळाले असते. घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. हप्त्यात 1,840 रुपयांचा फरक. 20 वर्षांचा हिशेब केला तर जवळजवळ साडेचार लाख. 2013 मधला तो गोवा मला अजूनही महागात पडतोय!

उरलेले 10 लाख आमच्या बचतीतून गेले. पण स्टॅम्प ड्यूटी कर्जात धरत नाहीत, हे बऱ्याच जणांच्या शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं. आमच्याही आलं. पुण्यात सात टक्के, म्हणजे 3 लाख 36 हजार, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट असते. मी म्हटलं, ‘‘तुझ्या एकटीच्या नावावर करू या, 48 हजार वाचतील.’’ ती म्हणाली, ‘‘कर्ज दोघांचं, तर घरही दोघांचं. आता काही वेगळं ठेवायचं नाही.’’ म्हणजे दारावरच्या पाटीवरचं माझं नाव 48 हजारांचं आहे. जाता-येता मी ते वाचतो.

बाबांनी फंडातले तीन लाख दिले. देताना म्हणाले, ‘‘हे उसने आहेत. लिहून ठेव.’’ मला वाटलं, गंमत करताहेत. पण पुढच्या खेपेला आले ते शंभर पानी वही घेऊनच. पहिल्या पानावर माझं नाव, तारीख, रक्कम. आता दर महिन्याच्या पाच तारखेला मी त्यांना पाच हजार पाठवतो, आणि पाच मिनिटांत फोन येतो, ‘‘मिळाले. लिहिले.’’ बँकेनं मला 38 लाख दिले तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दोन शब्दांनी होतो.

वास्तुशांतीला सगळे जमले होते. मावशीनं प्रसाद खाता खाता विचारलंच, ‘‘चला, आता झालास ना एकदाचा सेटल?’’ बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आवरेना. मावशीला काही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी दूध संपलं म्हणून मी आणि बाबा खालच्या किराणा दुकानात गेलो. माझ्या फोनला रेंज नव्हती, पैसे जाईनात. दुकानदार म्हणाला, ‘‘राहू द्या हो, नवीन आलात ना? वहीत लिहून ठेवतो, सावकाश द्या.’’

मी काही बोलायच्या आत बाबांनी खिशातून शंभरची नोट काढून काउंटरवर ठेवली.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘याच्या नावाची एक वही आधीच सुरू आहे.’’