दुर्बिणीचे पाय

दुर्बीण घ्यायची ठरली की माणूस आधी भिंगाचा व्यास विचारतो. मग किती पट मोठं दिसेल, शनीची कडी दिसतील का, हे विचारतो. ती उभी कशावर राहणार, हा प्रश्न सहसा पैसे देऊन झाल्यावर सुचतो. पण दोनशे पट मोठं दाखवणारं यंत्र शनीला मोठं करतं तसं आपल्या हाताच्या कंपालाही करतं. त्यात ते आपपरभाव करत नाही. गॅलिलिओला हे पहिल्याच हंगामात कळलं होतं. नाडीच्या ठोक्यांनी आणि श्वासानंसुद्धा नळी हलते, तेव्हा ती कुठंतरी पक्की बसवावी, असं त्यानं १६१० सालच्या एका पत्रात बजावलं आहे.

तिपाई पारखायची रीत सोपी आहे. शनी नजरेच्या मधोमध आणायचा, नळीला एक टिचकी मारायची आणि मनात आकडे मोजायचे. टिचकीसरशी शनी कड्यांसकट थरथरतो, एकाचे तीन-चार होतात, कडी आणि गोळा एकमेकांत मिसळतात. मग हळूहळू सगळं आपापल्या जागी येतं. एक-दोन सेकंदांत आलं तर पाय चांगले. पाच-सहा सेकंद लागले तर फोकसची चकती फिरवली की दर वेळी तेवढं थांबायचं, आणि वारा सुटला तर त्या रात्री शनीचा नाद सोडायचा. अ‍ॅल्युमिनियमचे पोकळ पाय पूर्ण उंचीला ओढले की हमखास असं होतं. जाड पोलादी पाय बरे; चांगल्या लाकडाचे तर कंप पटकन जिरवतात. आणि पाय कशाचेही असोत, खाली दाबून ठेवावेत. बसून बघितल्यानं आकाश काही लहान होत नाही.

तीन तिघाडा काम बिघाडा, असं आपण म्हणतो, पण इथं तिघांवाचून काम होत नाही. चौथा पाय आला की डुगडुगणं आलं. तीन पाय कसल्याही जमिनीवर एकदम टेकतात. वांगणीच्या शेतात, कापलेल्या भाताच्या खुंटांत तिपाई उभी करताना याची किंमत कळते. पायांखाली फरशीचे तुकडे ठेवले की ती मातीत रुतत नाही. मात्र ही यंत्रं घडवताना बहुधा युरोपातलं आकाश डोळ्यांपुढं असतं. आपल्याकडं ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंशांवर. माउंटचा, म्हणजे दुर्बीण ज्या बैठकीवर फिरते तिचा, आस त्याच्या रोखानं एवढा खाली झुकवला की काही माउंटांचं तोल साधणारं वजन तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला धडकतं. मग मधे एक लहानसा खांब घालून माउंट उचलून घ्यावा लागतो. तिपाईवाल्याला खांबाची पहिली आठवण होते ती अशी.

जमिनीत कायमच्या रोवलेल्या खांबाचा मोठा फायदा वेळेचा. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तेवढंच माउंटनं उलट फिरायचं, आणि त्यासाठी त्याचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर हवा. तिपाईवाला हे जुळवण्यात रोज रात्रीचा पहिला प्रहर घालवतो. खांबवाल्यानं एकदा जुळवलं की झाकण काढायचं आणि बघायला लागायचं. पण खांबाचंही एक गणित आहे. भरीव खांबाची जाडी दुप्पट केली की त्याचा ताठपणा सोळापट होतो. उंची दुप्पट केली की त्याच धक्क्याला तो आठपट झुकतो. म्हणून चांगला खांब दिसायला बेढबच असतो, बुटका आणि जाडजूड.

सोलापूरकडच्या एका मित्रानं शेतघराशेजारी असा खांब बांधून घेतला. तिथली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता ठोकळा ओतला तर वर्षभरात आस भलतीकडंच बघायला लागेल. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं. भोवती फरशी घातली, पण फरशी आणि खांब यांच्यामधे चांगली दोन बोटं फट ठेवली. गवंड्याला ते बघवेना.

“साहेब, फट राहिलीय की हितं. बुजवून टाकतो.”

“राहू द्या मामा, मुद्दाम ठेवलीय.”

“पाणी मुरंल. लोक मला नावं ठेवतील.”

पुढं कधीतरी डागडुजीला आले असताना मित्रानं मामांना गुरू दाखवला आणि ते बघत असतानाच फरशीवर धपाधप पाय आपटले. गुरू जागचा हलला नाही. फरशीचा धक्का खांबापर्यंत पोचतच नव्हता. मामांनी त्या फटीला पुन्हा सिमेंट लावायचं नाव काढलं नाही. वर रबराची पट्टी तेवढी बसवून दिली.

अचल असण्याचा हा ध्यास जुना आहे. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ट्यूको ब्राहेनं ह्वेन बेटावर यंत्रांसाठी वाडा बांधला, पण मनोऱ्यांवरची यंत्रं वाऱ्यानं हलतात म्हटल्यावर १५८०च्या दशकात त्यानं जमिनीखाली दुसरी वेधशाळा खणून घेतली. पितळी यंत्रांचे आस झिजतात म्हणून सवाई जयसिंगानं दगडचुन्याची यंत्रं उभारली. जयपूरचं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे. कॅलिफोर्नियातल्या जेम्स लिकनं तर कमाल केली. त्याच्या पैशातून माउंट हॅमिल्टनवर ३६ इंची दुर्बीण उभी राहिली, आणि तिच्या खांबाच्या तळाशी त्यालाच पुरलं आहे.

पुण्याची गोष्ट मात्र उलटी झाली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथं २० इंची दुर्बीण होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे कर्तेधर्ते होते. पण १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण पुण्यात खग्रास नव्हतं, सोलापूर जिल्ह्यात जेऊरला होतं. पक्की बसवलेली दुर्बीण असलेल्या माणसालाही सामान बांधून जेऊर गाठावं लागलं. पुढं १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. खांब वेळ वाचवतो हे खरं. पण काही गोष्टी बघायला आपणच उठून जावं लागतं.

हल्ली अंधारही त्यातलाच. शहरातल्या गच्चीवर खांब बांधायचा तर आधी सोसायटीच्या सभेत विषय मांडायचा. वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार का, उद्या गळती लागली तर जबाबदार कोण, आणि दुर्बिणीतून समोरच्या इमारतीत तर बघणार नाही ना, या प्रश्नांची उत्तरं द्यायची. परवानगी मिळालीच तर खांब कॉलमच्या डोक्यावर घ्यायचा, कारण स्लॅबच्या मधोमध कुणी चाललं की तारे नाचतात. वर्षातले चार महिने पावसाचे. एवढं करून उत्तरेला नवा टॉवर उठला की ध्रुवतारा गेला. तिपाई मात्र गाडीच्या डिकीत पडून असते. दिवाळीनंतरच्या अमावास्येला ती भीमाशंकरच्या बाजूला न्या, नाही तर कोकणातल्या एखाद्या सड्यावर.

म्हणून नव्यानं दुर्बीण घेणारा कुणी सल्ला विचारायला आला की मी भिंगाचं नंतर काढतो. घर कितव्या मजल्यावर, भाड्याचं की स्वतःचं, गावाकडं जमीन आहे का, आणि तिच्या सातबाऱ्यावर किती भावांची नावं, हे आधी विचारतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यानं चांगली वजनदार तिपाई घ्यावी, पाठीची कुरकुर ऐकू नये. ज्याच्या सातबाऱ्यावर एकट्याचं नाव आहे आणि ज्याच्या रानात अजून मृगातला तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यानं मुरूम लागेपर्यंत खणायला हरकत नाही. आणि त्याच्याशी मैत्री ठेवणं, हे बाकीच्या तिपाईवाल्यांच्या हिताचं आहे.