राणीची वेळा

सिंधुदुर्ग किल्ला तुम्हांला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असेलच. मालवणच्या समोर, कुरटे बेटावर. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. तिथल्या शिवराजेश्वराच्या मंदिराबद्दल आणि चुन्यात उमटलेल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांबद्दलही तुम्ही वाचलं असेल. जुलै २०२५ मध्ये तर हा किल्ला जागतिक वारसा यादीत जाऊन बसला. पण आज आपण इतिहासाच्या तासाला बसायचं नाही. आज पाण्यात उतरायचं!

मालवणच्या धक्क्यावरून होडी निघाली की दहापंधरा मिनिटांत किल्ला. होडीवाले साधारण तासभर देतात. बहुतेक मंडळी मंदिर पाहतात, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत डोकावतात (चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं, ही गंमत आहेच), तटावर फोटो काढतात आणि परत फिरतात. तुम्ही मात्र वाट वाकडी करा. तटाच्या आडबाजूला एक छोटा दरवाजा आहे. वाकून बाहेर पडलात की समोर एवढीशी पुळण. पाठीशी काळा तट, दोन्ही बाजूंना खडक आणि पुढे नुसता समुद्र. या जागेला म्हणतात ‘राणीची वेळा’. ताराराणी इथे समुद्रस्नानाला येत, असं सांगतात. आणि ‘वेळा’ म्हणजे घड्याळातली वेळ नव्हे बरं का! संस्कृतात ‘वेला’ म्हणजे समुद्राचा काठ, तीच ही वेळा.

इथे पाय भिजवा, वाळूत बसा. पण पोहायचं असेल तर आधी तिथल्या माणसांना विचारा. जागा दिसायला गरीब आहे, पण खडक धारदार असतात आणि लाट कुणाच्या ओळखीची नसते. खरं म्हणजे या खडकांमुळेच तर ही जागा किल्ल्यासाठी योग्य ठरली. बेटाच्या भोवती पाण्याखाली खडकच खडक. वाट माहीत नसलेलं जहाज आत शिरलं की फुटलंच म्हणून समजा. शत्रूला अडवणारे हे खडक आज कुणाचं घर आहेत, ते बघायला स्नॉर्कलिंग करायचं. त्याच्या होड्या वेगळ्या असतात आणि त्या किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात नेतात.

स्नॉर्कलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. अंगात तरंगणारं जाकीट, डोळ्यांवर आणि नाकावर घट्ट बसणारी काच, तोंडात एक वाकडी नळी. श्वास तोंडानंच घ्यायचा. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो, मग सवय होते. काचेवर वाफ धरू नये म्हणून होडीवाले काचेला आतून चक्क थुंकी चोळायला सांगतात. ‘ई’ करू नका, उपाय नामी आहे!

माझा सातवीतला भाचा बरोबर होता. त्यानं विचारलं, “मावशी, नळी मोठी केली तर आणखी खोल जाता येईल का?” प्रश्न चांगला, पण उत्तर ‘नाही’. पाण्याचा दाब छातीवर पडतो. जेमतेम एक मीटर खोल गेलं तरी छाती फुगवून नळीतून हवा आत ओढणं जमत नाही. म्हणून नळी आखूडच असते. आणखी एक गंमत. काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे सव्वापट मोठी दिसते आणि जवळ वाटते. तेव्हा बाहेर येऊन “एवढाऽऽ मासा पाहिला” असं कुणी सांगितलं, तर त्यातला थोडा मासा कापून टाका.

आणि दिसतं तरी काय? पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे घोळक्यानं येतात. खडकाच्या फटीत साळिंदरासारखे काळे काटे रोखून बसलेला एक प्राणी असतो, त्याच्यापासून हात लांब. आणि खडकांवर पिवळट, तपकिरी, हिरवट गोळे नि ताटल्या. भाच्याला दम लागला तेव्हा तो अशाच एका गोळ्यावर उभा राहायला गेला. वरून होडीवाला ओरडला, “पाय वर घे रे! तो दगड नाय, जीव आसा तो!”

तो होता प्रवाळ. अंगठीतलं पोवळंही त्याच्याच कुळातलं. या गोळ्यावर हजारो इवले इवले प्राणी दाटीवाटीनं राहतात. चुन्याचं घर बांधतात, त्यावर पुन्हा घर. हे गोळे वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे तुमच्या दप्तराएवढा गोळा तुमच्या आईबाबांच्या वयाचा असू शकतो. एक टाच पडली की वरचे जीव चिरडतात. होडीचा नांगर पडला तर विचारूच नका. शिवाय पाणी नेहमीपेक्षा एकदोन अंशांनी तापून तसंच राहिलं, तर या प्राण्यांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ निघून जातं. रंग त्याचाच, आणि बरंचसं अन्नही तेच पुरवतं. ते गेलं की प्रवाळ पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. अशा उपाशी जिवावर आपली टाच पडली तर?

म्हणूनच किल्ल्याभोवतीचा हा समुद्र १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेव्हा मासेमारीवर गदा येईल म्हणून कोळी बांधव धास्तावले, आणि मला ती धास्ती रास्त वाटते. त्यांचं पोट या पाण्यावर, आपली फक्त सहल. तेव्हा निदान आपण तरी सांभाळावं. माशांना पाव-बिस्किटं टाकायची नाहीत. दमलात तर पाठीवर तरंगा, नाहीतर होडीचा दोर धरा. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणलात तर तो कायद्यानं गुन्हा आहे.

आता कधी जायचं? पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर पाणी निवळू लागतं. त्यातही पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओढ जास्त, पाणी ढवळलेलं. अष्टमीच्या सुमारास असतो भांग, तेव्हा पाणी शांत. कोकणातला जुना हिशेब माहीत आहे? तिथीच्या आकड्याला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, की भरतीची वेळ अंदाजे मिळते. अष्टमी म्हणजे आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या. जागेप्रमाणे थोडं मागंपुढं होतं, म्हणून शेवटचा शब्द होडीवाल्याचा. आता दिनदर्शिका घ्या, तुमच्या सुट्टीत षष्ठी कधी येते ते शोधा आणि त्या दिवशी भरती किती वाजता, ते काढा पाहू!