तपासणी

सरकारी चाकरीत तपासणीची विद्या माणसास आपोआप येते. परक्या कचेरीत पाऊल टाकताच आवक-जावक नोंदवही मागवावी, रोकड मोजून वहीतल्या शिलकेशी ताडून पाहावी, हजेरीपटावरच्या महिनाभराच्या सह्या एकाच बैठकीत उरकलेल्या तर नाहीत ना हे न्याहाळावे, आणि चहाचा दुसरा पेला नाकारून शेरे लिहावयास बसावे, हा क्रम लेखापरीक्षणाच्या खात्यात तीस वर्षे काढल्यावर आमच्या अंगवळणी पडला आहे. गेल्या पावसाळ्यात ही विद्या आम्ही एका निराळ्याच कामी लावली. मावशीसाठी शुश्रूषागृह पाहावयाचे होते.

‘माय मरो, मावशी उरो’ ही म्हण आमच्या बाबतीत शब्दशः खरी ठरली. आम्ही चार वर्षांचे असताना आई गेली. मावशी तेव्हा वाईच्या एका प्राथमिक शाळेत शिकवीत होती. तिने लग्न केले नाही, ते आमच्यामुळे की मुळात तिच्या मनातच नव्हते म्हणून, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस कधी झाले नाही. आणि आता विचारून उपयोग नाही. सेवानिवृत्त झाल्यावर ती आमच्या बिऱ्हाडी आली, आणि पुढे आमच्या प्रत्येक हुकुमाबरोबर तिचीही बदली होत गेली. भोपाळ, कलकत्ता, हैदराबाद. भोपाळास भाजीवाल्याशी ती वाईच्या मराठीला हिंदी प्रत्यय लावून भांडत असे, आणि दर तिच्याच मनासारखा ठरे. कलकत्त्यास शेजारणींकडून तिने बरीच बंगाली उचलली. तेथे मावशीला ‘माशीमा’ म्हणतात. ट्राममधल्या कंडक्टराने अशी हाक मारून जागा करून दिली, तेव्हा घरी येऊन ती म्हणाली, “इतकी वर्षं मावशी होते, आता माशी झाले.” हैदराबादेस येईतो तिचे वय झाले होते, तेलुगू आली ती पाचपन्नास शब्दांपुरती.

या हैदराबादेतच निझाम इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, आणि २०१३ साली असे प्रसिद्ध झाले की दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा विकार एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा गाठतो; निरक्षर माणसांतही तोच प्रकार आढळला. आमच्या बदल्यांचा मावशीस काही लाभ झाला असेल तर तो एवढाच. तथापि विकार गाठतो तेव्हा पुष्कळदा असे होते की जी भाषा शेवटी आली ती आधी जाते. मावशीची तेलुगू प्रथम गेली, मग बंगाली, मग हिंदी. तिच्या बदल्या जणू उलट्या क्रमाने एकेक रद्द होत गेल्या, आणि आज ती वाईस आहे. आम्हांस ती ‘दादा’ म्हणते. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, जो १९८१ साली वारला.

निदान करताना तीस गुणांची एक प्रश्नावली वापरतात. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा गुण स्थळकाळाच्या भानाचे असतात. “महिना कोणता?” असे डॉक्टरांनी हिंदीत विचारले आणि आम्ही ते मराठीत मावशीस सांगितले. “श्रावण,” ती म्हणाली, “वद्यपक्ष लागला.” डॉक्टर तेलुगू होते. त्यांनी क्षणभर मनाशी हिशेब केला आणि पुरा गुण दिला. कारण तेलुगू पंचांग आपल्यासारखेच अमान्त आहे. आम्ही भोपाळास असतो तर तेथल्या पौर्णिमान्त गणनेने त्या दिवशी भाद्रपद चालू असता, आणि एक बरोबर उत्तर चूक ठरले असते. एकूण गुण तेरा पडले.

घरी ठेवणे का अशक्य झाले याचा पाढा येथे वाचीत नाही. पहाटे तीन वाजता ती फाटक उघडून शाळेला निघते, एवढे सांगितले म्हणजे ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांना उरलेले कळेल. अशी घरे थोडी नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या शेकडा ७.४ माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, हा विकार आहे. अपत्यसंगोपनासाठी स्त्री-कर्मचाऱ्यांना उभ्या सेवेत ७३० दिवसांची रजा केंद्राच्या नियमांत आहे. वृद्धसंगोपनाचे तसे स्वतंत्र प्रकरण त्या नियमांत नाही. अर्जित रजा संपवावी आणि मग देवाचा धावा करावा. नातलगांनी पत्रे लिहिली. एकाने ‘मावशीला टाकू नकोस’ असे लिहिले; हे गृहस्थ तिला शेवटचे भेटले त्यास अकरा वर्षे झाली.

पहिले गृह शहराच्या पश्चिमेच्या नव्या वस्तीत, कोरे करकरीत. आमच्यातल्या तपासनिसास तेथे फार बरे वाटले. औषधांची नोंदवही वेळेसह भरलेली. पडझडीची निराळी वही. अंघोळघरांत धरावयाच्या दांड्या. बागेतली पायवाट गोल, म्हणजे चालत सुटलेल्या माणसास कोठे भिंत लागून तो चिडत नाही. आम्ही आमचे प्रश्न काढले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांचे गंभीर विकारही घेतले आहेत. त्याचे ९७ वे कलम म्हणते की रुग्णास जखडावयाचे ते तात्काळची इजा टाळण्यास दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि गरजेपुरतेच. शिक्षा म्हणून नव्हे, आणि माणसे अपुरी आहेत म्हणूनही नव्हे. “येथे कोणास बांधावे लागते काय?” व्यवस्थापक म्हणाले, “कधीच नाही.” गुंगीच्या औषधांविषयी विचारले, कारण मनोविकारांवरच्या नव्या औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामकांनी २००५ सालीच दिलेला आहे. त्यांनी वही पुढे केली. वही चोख होती.

परंतु खात्याचा एक जुना नियम आहे: कळवून केलेली तपासणी अर्धीच होते. या विकारात सूर्य कलला की माणसाची तगमग वाढते. म्हणून दोन दिवसांनी आम्ही न कळवता संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलो. दिवाणखान्यात अकरा माणसे दूरचित्रवाणीपुढे बसविलेली होती. कोणालाही बांधले नव्हते. खुर्च्या मात्र इतक्या खोल होत्या की ऐंशीच्या माणसाने त्यांतून आपल्या बळाने उठूच नये. एक बाई पुन्हा पुन्हा उठू पाहत होत्या आणि पुन्हा पुन्हा मागे पडत होत्या. अकरांत सेविका एक. रात्री किती असतात, असे विचारले. बत्तीस माणसांस तीन.

एवढ्यावरून आम्ही ते गृह नापसंत केले नसते. एक दुपार मावशीस तेथे नेऊन बसविले. तिला तहान लागली. समोरच्या पोरसवदा सेविकेस ती म्हणाली, “बाळ, फुलपात्र दे गं.” मुलगी ओडिशातली; चारसहा महिन्यांत कामापुरती हिंदी शिकलेली. तिने तो शब्द मनात घोळविला, तिचा चेहरा उजळला, आणि बागेत जाऊन ती जास्वंदीचे टपोरे फूल घेऊन आली. मावशीने ते प्रसादासारखे डोळ्यांस लावले आणि मांडीवर ठेवले. मग थोड्या वेळाने, अधिक हळू आवाजात, “फुलपात्र.” मुलीने दुसरे फूल आणले.

मुलगी गुणी होती, हे मुद्दाम लिहून ठेवतो. अडचण दुसरीच होती. म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच मंदावते. पाणी पोटात कमी गेले की मूत्रमार्गाचा विकार जडतो आणि भ्रम वाढतो, आणि मग ‘रोग बळावला’ असा शेरा पडून औषधाची मात्रा चढते. हा सारा क्रम एका न कळलेल्या शब्दापासून सुरू होऊ शकतो आणि कोणत्याही नोंदवहीत तो सापडणार नाही. मावशीपाशी आता जे दीडदोनशे शब्द उरले आहेत त्यांत ‘परसाकडे’ आहे, ‘मोरी’ आहे, ‘धाबळी’ आहे, ‘कढत’ आहे. यांपैकी एकाचेही भाषांतर ती करून देणार नाही. उलट दिशेनेही तीच गत. तेलुगूत दुधाला ‘पालु’ म्हणतात. “पालु, अम्मा, पालु,” म्हणून कोणी पेला पुढे केला की मावशी आढ्याकडे पाहते आणि पाय वर घेते.

“मग पुण्याला ठेव,” असे सर्वांनीच सांगितले. महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या माणसास हा सल्ला पाठ असतो. मुलांची शाळा, घर, म्हातारपण, साऱ्यांवर तो एकच उतारा. आम्ही पुण्यास जाऊन एक गृह पाहिले. व्यवस्थापकीणबाई शुद्ध मराठी बोलत होत्या, भिंतीवर ज्ञानेश्वर होते, सकाळी हरिपाठ होत असे. पण न्हाऊमाखू घालणाऱ्या आणि रात्री उशाशी बसणाऱ्या मुली झारखंड आणि आसामकडच्या होत्या. पुण्याची मराठी कचेरीपर्यंत पोहोचत होती, खाटेपर्यंत नव्हती. शिवाय सिकंदराबादेहून पुणे गाडीने आठ-साडेआठ तास. आम्ही महिन्यातून एकदा, फार तर दोनदा गेलो असतो. ज्या घरी कोणी वारंवार आणि अवेळी येते तेथल्या माणसाची उठाठेव अधिक होते, असे आमचे मत आहे. ते कटू वाटले तरी आम्ही बदलणार नाही.

तिसरे गृह सिकंदराबादेत, एका जुन्या बंगल्यात. तपासनीस म्हणून आम्ही त्यास नापासच केले असते. पोपडे उडालेले, उद्वाहन नाही, नोंदवहीत खाडाखोड, मोरीची फरशी निसरडी, मोठे रुग्णालय वीस मिनिटांवर. परंतु बंगला चालविणाऱ्या बाई सैनिकी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांनी आमची प्रश्नावली बाजूस सारली आणि आपली काढली. “घरात त्यांना काय म्हणून हाक मारतात? पाणी कशातून पितात? संडासाला कोणता शब्द वापरतात? कोणत्या कुशीवर झोपतात? काळोखाची भीती आहे काय? रागावल्या म्हणजे कोणाचे ऐकतात?” दीड तास आमचीच तपासणी चालली होती. “कोणाचे ऐकतात?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. पत्नी म्हणाली, “शाळेची घंटा वाजली की ऐकतात.” बाईंनी ते लिहून घेतले. आज त्या बंगल्यात जेवणाआधी पितळी घंटा वाजते.

तेथे दिवसपाळीस आदिलाबादकडची एक आया आहे. त्या जिल्ह्यात मराठी बोलणारे पुष्कळ. तिची मराठी वऱ्हाडीच्या अंगाने जाणारी. मावशी आयुष्यभर दुसऱ्यांचे व्याकरण सुधारीत आली. पहिल्याच दिवशी तिने आयेचा एक शब्द सुधारला. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. दांड्या बसविण्याची आणि फरशी खरबरीत करण्याची अट घालून आम्ही होकार दिला. दरमहा द्यावयाची रक्कम मावशीचे निवृत्तिवेतन आणि आमच्या वेतनाचा पाचवा हिस्सा मिळून होते.

दिवसाची व्यवस्था अशी लागली. रात्रीची उरली होती, आणि आया कधी सोडून जाईल याचाही नेम नव्हता; या धंद्यात मुली टिकत नाहीत, कारण दोनशे रुपये अधिक मिळाले तरी त्या दुसरीकडे जातात, आणि त्यांनी का जाऊ नये? म्हणून आम्ही एक वही केली. डाव्या बाजूस मावशीचा शब्द तेलुगू लिपीत, उजवीकडे त्याचा अर्थ तेलुगूत. हे काम आमच्या कचेरीतल्या एका लघुलेखकाने रविवारी घरी बसून केले. पहिला शब्द फुलपात्र. त्यापुढे खरे फुलपात्रच दोऱ्याने बांधून ठेवावे असे पत्नीने सुचविले. तसे न करता आम्ही घरातली तिन्ही तेथे नेऊन दिली.

तिला तेथे पाच महिने झाले. भेटावयास गेलो की ती “दादा, घरी जायचंय” म्हणते. कोणत्या घरी, असे आम्ही विचारीत नाही. वाईचे घर पाडून तेथे चार मजले उभे आहेत. पाच मिनिटे बसून ती आपणच दुसरे काही बोलू लागते. आमचा हैदराबादेतला कार्यकाळ येत्या एप्रिलात संपतो आणि पुढचे गाव गुवाहाटी असेल अशी कुजबुज आहे. मावशीस न्यावयाचे की येथेच ठेवावयाचे, याचा काथ्याकूट आम्ही उभयता रोज रात्री करतो. नेली तर आसामीत नवी वही करावी लागेल. ठेवली तर अवेळी जाणारे कोणी उरणार नाही. मुदतवाढीचा अर्ज केला आहे.

वहीत आरंभी बेचाळीस शब्द होते. मागल्या खेपेस उघडून पाहिली तेव्हा शेवटच्या पानावर रात्रपाळीच्या मुलीने आपल्या हाताने आणखी चार उतरविलेले आढळले. तीन आम्ही ओळखले. चौथा मावशीने कोठून काढला आणि त्याचा अर्थ काय, हे आम्हांसही उमगले नाही. मुलगीस विचारले, तेव्हा ती हिंदीत म्हणाली की हा शब्द आला की त्यांच्या पायांवर पांघरूण घालावयाचे.