दुसरी खुर्ची

"आपण काय करता?" असे कोणी विचारले की मी म्हणतो, "सहाय्यक आहे." "कशात?" या पुढच्या प्रश्नाला मात्र मला दोन उत्तरे द्यावी लागतात. संध्याकाळी पाचपर्यंत मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक असतो आणि पाचनंतर मुलींच्या बास्केटबॉल संघाचा सहाय्यक प्रशिक्षक. पगार फक्त पहिल्या कामाचा मिळतो. निदान घरात तरी आपण मुख्य असू, अशी लग्नापूर्वी माझी समजूत होती!

आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत विभागलेला. आमचे गाव घाटाखाली, कपाशीच्या काळ्या मातीतले. इकडे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि कुस्ती. बास्केटबॉल हे उंच माणसांचे परदेशी खूळ, अशी लोकांची भावना. खेळ परदेशी आहे हे खरेच. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने तो काढला. त्याला हव्या होत्या दोन पेट्या. शिपायाने आणून दिल्या पीच फळांच्या दोन टोपल्या. टोपल्यांना बूड होते. त्यामुळे चेंडू आत पडला की कोणीतरी शिडीवर चढून तो बाहेर काढायचा. खेळणाऱ्यांची आणि खेळ काढणाऱ्याची कीर्ती झाली. शिडीवर चढणारा तो माणूस मात्र माझ्या मते आम्हा सहाय्यकांचा मूळ पुरुष!

पुढे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात झाला आणि चिखलात चेंडू टप्पा घेईना. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते अवघ्या १९-८ ने. त्याच ऑलिंपिकच्या वेळी आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी बर्लिनमध्ये कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवीत होती. आमचे मैदान मुरमाचे. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की त्यावर रोज बर्लिन अवतरते.

या खेळात संघ बारा जणींचा. पैकी पाच मैदानात आणि सात बाकावर. मुख्य प्रशिक्षकाने पाचांकडे पाहायचे, सहाय्यकाने सातांकडे. नियमांच्या पुस्तकात हे असे लिहिलेले नाही. तिथे एवढेच आहे की सामना चालू असताना दोघांपैकी एकानेच उभे राहावे. साहजिकच उभे राहतात ते मुख्य सर. मी दुसऱ्या खुर्चीवर बसतो. मांडीवर टॉवेल, पायाशी पाण्याच्या बाटल्या आणि शेजारी त्या सात जणी. विश्रांती मागितली की मिळतो एक मिनिट. त्या मिनिटात मुख्य सर पाच जणींना डावपेच सांगतात. सहावीला आपण आता आत जाणार हे कळून तिच्या पोटात गोळा येतो. तो गोळा माझ्या खात्यात.

बाकावरच्या मुलीला सांभाळणे हे सामन्यापुरते काम नव्हे. मोताळ्याकडच्या एका खेड्यातून आमच्याकडे एक मुलगी येई. खो-खोतली. वळण्यात विजेसारखी. तिची शेवटची एस.टी. सहाला, आणि सराव सुटायचा सातला. तिच्या वडिलांना भेटायला मी गेलो. ते कापूस वेचून नुकतेच ओसरीवर टेकले होते. म्हणाले, "सर, पोरगी खेयते त्याले माही ना नाही. पन रातच्याले तिले घरी कोन आनून देईन?"

"मी आणून देईन, भाऊ," मी म्हणालो.

तीन वर्षे आणून दिली. मागे मुलगी, पुढे मी आणि खाली माझी जुनी स्कूटर. पेट्रोलचा हिशेब सौभाग्यवतींनी एका वहीत लिहून ठेवला आहे. तो अजून कोणी मागितलेला नाही. तीन वर्षांत ती मुलगी एकूण किती मिनिटे खेळली असेल? अर्धा तासही नाही. पण ती पदवीधर झाली. सहाच्या एस.टी.ने घरी गेली असती, तर दुसऱ्या वर्षीच तिच्या हळदीचा बेत ठरलेला होता. संघाने तेव्हा करंडक आणला नाही म्हणून कोणी हळहळले असेल, मला त्याचे फारसे वाटले नाही.

२०२२ साली मुख्य सर निवृत्त झाले. वीस वर्षे मी त्यांच्या शेजारी बसत होतो. गावातल्या चारचौघांनी माझे अभिनंदनही करून टाकले. पण जागा होती शारीरिक शिक्षण संचालकाची. तिला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी, तीही पंचावन्न टक्के गुणांची, शिवाय नेट किंवा सेट परीक्षा. माझ्याजवळ रसायनशास्त्राची बी.एस्सी.! अर्जाचा कागदसुद्धा आणला नाही. सौभाग्यवती त्या रात्री एवढेच म्हणाल्या, "आता तरी संध्याकाळी घरी राहा." आठ दिवस राहिलो. नवव्या दिवशी त्यांनीच शिट्टी काढून हातात दिली. माणूस घरात नुसता बसला की स्वयंपाकात सूचना करू लागतो.

नवे सर तिशीही न गाठलेले. त्यांच्याजवळ एक पाटीएवढे यंत्र असते; कोणी कुठून चेंडू टाकला, किती आत गेले, सारे त्यात ठिपक्यांनी दिसते. पहिल्याच स्पर्धेत, मध्यंतरात, त्यांनी ते माझ्यापुढे धरले. "सर, हे बघा. नऊ नंबरचे सगळे फेक आता कड्याच्या अलीकडे पडताहेत. मनगट सुधारायला हवं का?"

"मनगट ठीक आहे," मी म्हणालो. "आज संकष्टी आहे. चंद्रोदयाशिवाय ती जेवत नाही. पायांत जोर नाही, म्हणून चेंडू पोचत नाही."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. उपासाचा ठिपका त्या यंत्रात नव्हता. पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू आणि केळे काढून मी नऊ नंबरला दिले; उपासाला चालते, वाद नको. सामना आम्ही तरीही हरलो, सहा गुणांनी. लाडवाने एवढे होत नाही.

पण त्या दिवसापासून नवे सर खेळाडू बदलण्याआधी मान वळवून विचारतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही मलकापूरहून गाडीने अमरावतीला गेलो होतो. सामन्यापूर्वी गुणपत्रिकेत प्रशिक्षकांची नावे भरायची असतात. मुख्य प्रशिक्षकाच्या ओळीखाली पहिल्या सहाय्यकाचीही एक ओळ असते. आमच्या संघाची ती ओळ आजवर कोरीच जात असे. नवे सर लेखनिकाच्या टेबलापाशी वाकून लिहीत होते, ते मध्येच थांबले.

"सर, तुमचं पूर्ण नाव काय हो? वडिलांच्या नावासकट सांगा."

मी सांगितले. दोनदा सांगावे लागले, कारण पहिल्यांदा आवाज नीट फुटला नाही. एवढ्यात शिट्टी झाली, आणि पाच जणींनी आपापली जाकिटे काढून माझ्या मांडीवर टाकली.