काळी एक म्हणजे 61

आज मी संगणकावर चाली बांधतो, नाटकांना पार्श्वसंगीत देतो, ते दोन माणसांच्या जिवावर. एक नांदेडचे माझे गुरुजी. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी मी त्यांच्यापाशी बसून शिकलो. दुसरा विष्णुपुरीच्या एसजीजीएस अभियांत्रिकी महाविद्यालयातला, होस्टेलवरचा माझा सीनियर. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याला सा कुठला नि प कुठला हे ओळखता येत नसे, पण पियानो रोल मला त्याने शिकवला, स्वतःचा लॅपटॉप रात्र रात्र माझ्या हवाली करून.

पियानो रोलमध्ये पडद्यावर डावीकडे पेटीच्या पट्ट्या उभ्या मांडलेल्या असतात आणि उजवीकडे चौकटी. स्वर उंच असेल तर ठोकळा वर, लांबवायचा असेल तर ठोकळा लांब. आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोत भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरायची, तिचंच हे नाव. 1983 साली मिडी आलं आणि प्रत्येक स्वराला 0 ते 127 मधला एक क्रमांक मिळाला. मधल्या सप्तकातली पांढरी एक 60, काळी एक 61. दादा स्वरांना या नंबरांनीच ओळखायचा.

गुरुजींच्या वहीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असे, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. मंद्राला खाली टिंब, तारला वर. समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य. पंडित भातखंड्यांनी घराण्याघराण्यांच्या गळ्यात अडकलेल्या बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापल्या नसत्या, तर त्यातल्या किती माझ्यासारख्या मराठवाड्यातल्या पोरापर्यंत आल्या असत्या? त्या लिपीत सा म्हणजे सा. मुलगी काळी चारमध्ये गाईल, मुलगा काळी एकमध्ये, कागद तोच राहतो. दादाच्या पडद्यावर मात्र पट्टी बदलली की सगळे ठोकळे उचलून वर सरकवावे लागत.

गॅदरिंगच्या एकांकिकेसाठी आम्ही यमनमधला एक तुकडा करत होतो. काळी एकचा सा धरला, म्हणजे पंचम 68. गुरुजी त्या दिवशी विद्यापीठाच्या ललित कला संकुलात आले होते, तिथून ते सरळ आमच्या खोलीवर आले. चपला काढल्या, कॉटवर मांडी घातली आणि म्हणाले, "वाजीव बरं, काय केलास बघू."

वहीत एके ठिकाणी कंसातला पंचम होता: (प). गाणाऱ्याला एवढं पुरतं. पुढचा स्वर, तो स्वतः, मागचा स्वर आणि पुन्हा तो, असं धपमप त्याचा गळा आपसूक घेतो. यंत्राला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून दादाने चार सारखे ठोकळे मांडले होते: 70, 68, 67, 68.

गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं. "अरे, हे मध्यमावर बसायलंय. त्याला नुसतं शिवून परत यायचं."

"किती शिवायचं, गुरुजी?" दादाने विचारलं.

मी कितीतरी वर्षं गात होतो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी ती जागा गाऊन दाखवली, पुन्हा सावकाश गायली. दादाने मध्यमाचा ठोकळा अर्ध्याहून लहान केला, त्याचा जोर कमी केला, पुन्हा ऐकवलं. "अजून हलकं." पुन्हा केलं. मग पंचमावरून रिषभावर येणारी मींड. वहीत तिच्यासाठी दोन स्वरांवर एक कमान, बस्स. पडद्यावर मात्र ती रेषेने काढावी लागते, आणि ती रेष सहसा दोनच अर्धस्वर वाकते. दादाने तिची मर्यादा बारापर्यंत वाढवली. गुरुजी सांगत गेले: पंचम लवकर सोडू नको, गंधाराजवळ जरा रेंगाळू दे, मग ये. दादा माउसने रेष वाकवत गेला. मेसची वेळ टळून गेली, तिघांपैकी कुणाला भान नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. चाल सुचते तेव्हा ती आधी स्वरलिपीत उतरवावी. पडद्यावर सुरुवात केली की डोळा चौकटी भरत सुटतो, चार मात्रांचा तुकडा कॉपी करून पुढे चिकटवला जातो आणि कान मागे राहतो. पण वहीत आपण जे गळ्यावर सोडून देतो, ते पियानो रोल सोडू देत नाही. तिथे प्रत्येक कणाचं उत्तर द्यावं लागतं. (वादकांना बोलावायचं तर तिसरी लिपी लागते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या मंडळींनी पाच रेघांवर लिहिलेल्या कागदांवरच मोठमोठे वाद्यवृंद वाजले.)

गुरुजींनी माझ्याकडून शिकवणीचे पैसे कधी घेतले नाहीत. दादाने लॅपटॉपबद्दल शब्द काढला नाही. उलट जाताना गुरुजीच त्याला म्हणाले, "त्या मींडेचं चित्र मला कागदावर काढून देशील का?" दादाने दुसऱ्याच दिवशी प्रिंट काढून आणली. गुरुजींनी त्या वाकड्या रेषेखाली पेन्सिलने प, म, ग, रे लिहिले, मध्यमावर उभी रेघ दिली आणि पुढच्या मुलांना मींड शिकवताना तो कागद पेटीवर ठेवायला लागले.