सत्त्याऐंशीशे वेढे

तीन हजार एकशे काहीतरी वेढ्यांवर तार तुटली आणि मला कळलंसुद्धा नाही. मशीन फिरत होतं, काउंटर पुढे सरकत होता आणि माझ्या चिमटीत काहीच नव्हतं. शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "काका, तार गेली." चाळीस वर्षं मी आधी मोटारी आणि मग गिटारचे पिकअप गुंडाळतोय. तार तुटल्याचं दुसऱ्या कुणी सांगायची वेळ पहिल्यांदाच आली. साखरेनं बोटांची टोकं बधिर केलीत. शेहेचाळीस गेजची तार डोळ्यांना तशी फारशी दिसत नाहीच. ती अंगठ्याला आणि तर्जनीला कळते. आता तिथंही कळत नाही.

तेव्हापासून वाटणी झालीय. ताण तिनं धरायचा, मी स्टुलावर बसून कुरकुर करायची. ती ठाण्याची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, संध्याकाळी एका मेटल बँडमध्ये गिटार वाजवते आणि सगळं वहीत लिहून ठेवते. मी आयुष्यात वही ठेवली नाही. ठेवली असती तर पुढे सांगतोय ते सांगावं लागलं नसतं.

या धंद्यात मला एक गोष्ट कधी जमली नाही: स्ट्रॅट गिटारीचा ब्रिजकडचा पिकअप. बाकीचे दोन कुणालाही जमतात. ब्रिजपाशी गिटारची तार हलते ती थोडीशी, म्हणून आवाज किडकिडा आणि कानात दाभण घालणारा. वेढे वाढवा, जोर वाढतो. पण वरची धार खाली येते, आणि अँपचा गेन चढवला की पॉवर कॉर्डचं पिठलं होतं. वेढे कमी करा, धार येते पण छाती जाते. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक जागा आहे, ती मला एकदाच सापडली. खरं म्हणजे सापडली नाही, तिच्यावर पाय पडला.

यावर हमखास सल्ला येतो, "हमबकर बसवा की," म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. व्हॅन हेलननं सत्तरच्या दशकात स्ट्रॅटच्या धाटणीच्या गिटारीत हमबकर बसवला, त्याला तो शोभला. त्यानंतर जो तो छिन्नी घेऊन गिटारीचं पोट कोरत सुटला. हल्ली सिंगल कॉइलच्या मापात दोन पात्यांचे छोटे हमबकर मिळतात, तेवढी कोराकोरही लागत नाही. सिंगल कॉइलची भुणभुण जाते हे कबूल. पण मग स्ट्रॅट घेतलीत कशाला? जड आवाजाला दोन कॉइल लागतातच असं कुठे लिहून ठेवलंय? १९६९ मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम मुद्रित होत असताना टोनी आयोमीच्या स्ट्रॅटचा पिकअप मेला, म्हणून त्यानं एसजी गिटार उचलली. तिच्यात पी-९० होते, म्हणजे सिंगल कॉइलच. १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बमवर गिटारवादक ब्लॅकमोरच्या हातात स्ट्रॅट आहे. ज्याला लोक हेवीचं मूळ म्हणतात तिथं भुणभुण होतीच.

मात्र पी-९० चा मोह वाईट. त्यात दहा हजार वेढे असतात असं वाचून मीही सत्तेचाळीस गेजची तार आणून स्ट्रॅटच्या बॉबिनवर दहा हजार चढवले होते. पी-९० ची कॉइल पसरट, चुंबकाच्या दोन पट्ट्या खाली; स्ट्रॅटची उंच आणि अरुंद, चुंबक थेट कॉइलच्या पोटात. आकडा सारखा झाला म्हणून आवाज सारखा होत नाही. गोधडी पांघरून ओरडल्यासारखा निघाला.

आकड्यांनी मला पहिल्यापासून फसवलंय. अगदी सुरुवातीला एका परदेशी मासिकात वाचलं, बेचाळीस गेजची तार, आठ हजार वेढे. लॅमिंग्टन रोडवरून बेचाळीस गेजची रीळ आणली आणि तीन हजारांतच बॉबिन भरून वाहायला लागली. त्यांचं गेज अमेरिकन आणि आपल्याकडे मोटारवाल्यांचं ब्रिटिश, हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. त्यांची बेचाळीस म्हणजे आपली साधारण शेहेचाळीस. साधारणच, कारण आपली किंचित बारीक भरते. हे 'किंचित' पुढे महागात पडलं.

१९९७ च्या मे महिन्यात कॉलेजातला एक मुलगा मेलेला पिकअप घेऊन आला. तेव्हा माझं मशीन शिलाई मशीनच्या मोटरवर चालायचं आणि काउंटर भंगारातला होता. गुंडाळता गुंडाळता काउंटरचा पट्टा घसरला, केव्हा घसरला ते कळलं नाही. बॉबिन टम्म दिसली तेव्हा थांबलो. मीटर लावला तर ६.४ किलोओहम. मासिकातल्या आकड्यांवरून त्रैराशिक मांडलं: सत्त्याऐंशीशे. बॉबिनच्या तळाला चीर गेली होती, ती झाकायला गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून खाली चिकटवला, अर्थिंगला जोडला आणि सगळंच मेणात बुडवलं. मुलाला म्हणालो, "सत्त्याऐंशीशे वेढे घातलेत. खास तुझ्या हाताचा अंदाज घेऊन."

त्याचा हात मी पाहिलाही नव्हता.

त्या वर्षी पावसाळ्यात धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाला तो वाजवायला उभा राहिला. मी मागे, भिजत. त्याच्या रिफमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू येत होता, आणि तरीही पोटात गुद्दा बसत होता. पुढच्या महिन्यात चार पोरं दुकानात आली, "काका, सत्त्याऐंशीशेवाला द्या." मी दिले. नवा काउंटर आणून, मोजून, बरोब्बर सत्त्याऐंशीशे. एकही तसा वाजला नाही. मीटर मात्र सातच्या पुढे जायचा. आकडा मोठा दिसला की गिऱ्हाईक खूश, आणि मीही. ६.४ च्या जागी ७ का येतात, हा प्रश्न शहाण्यानं तेव्हाच विचारला असता. मी त्याऐवजी बॉबिनच्या तळाला माझं आद्याक्षर कोरायला लागलो.

कबुली द्यायलाच बसलोय तर आणखी एक. तांब्याची पट्टी लावून "भुणभुण बंद" म्हणून मी पुष्कळ पैसे घेतलेत. ट्यूबलाइट आणि डिमरची चरचर पट्टीनं कमी होते. ५० हर्ट्झची खरी भुणभुण चुंबकीय, ती तांब्याच्या पातळ पट्टीला दाद देत नाही. मला हे ठाऊक होतं. उलट फुकटचा इलाज मी क्वचित सांगितला: पिकअप दोन मिलिमीटर खाली घ्या. चुंबक तारांना ओढायचे थांबतात, सूर डगमगत नाही, आणि निम्म्यांचं काम तेवढ्यावर भागतं. यात दुकान चालत नाही.

गेल्या महिन्यात १९९७ चा तो पिकअप परत आला. मालक आता डोंबिवलीत, दोन मुलींचा बाप. पिकअपचा आवाज पूर्ण बंद. माझ्याकडच्या मुलीनं भिंगाखाली पाहिलं. चुंबकांलगतचं सुरुवातीचं टोक हिरवट होऊन कुजलं होतं. बाहेरचं टोक असतं तर डाख देऊन पाच मिनिटांत सुटलो असतो. आतलं म्हणजे कॉइल काढायलाच हवी. मी ब्लेड उचललं; सगळे तसंच करतात, चर्र कापायचं आणि नवीन गुंडाळायचं. तिनं माझा हात धरला. "काका, उलटं सोडवू. मोजू या ना."

मला सांगता आलं नाही की मला मोजायचं नाहीये.

दोन संध्याकाळी गेल्या. हेअर ड्रायरनं मेण मऊ करायचं, मशीन उलटं सावकाश फिरवायचं. तार सहा वेळा तुटली, दर वेळी तिनं वहीत आकडा लिहून टोक पुन्हा शोधलं. मी चहा करत राहिलो. शेवटी उघडे चुंबक दिसले आणि ती म्हणाली, "सात हजार सहाशे चौदा. दोन-चार इकडे तिकडे."

मी म्हटलं पुन्हा मोज. मग हसू आलं, कारण मोजायला आता काही उरलंच नव्हतं. जमिनीवर तांबूस गुंता होता फक्त.

कोडं तिनंच उलगडलं. बारीक तारेचा रोध जास्त. वर मे महिन्याची दुपार. दर दहा अंशांना तांब्याचा रोध चार टक्क्यांनी चढतो. जानेवारीत मोजला असता तर सहाच्या आसपासच भरला असता. आणि बॉबिन टम्म दिसली ती वेढे जास्त म्हणून नाही, त्या दिवशी ताण ढिला पडला होता म्हणून. म्हणजे ज्याला मी सत्तावीस वर्षं जास्तीच्या वेढ्यांचा पिकअप म्हणून मिरवलं, त्यात मापाहून कमीच वेढे होते. धार त्यातून आली. "आणि छाती?" मी विचारलं. तिनं तेलाच्या डब्याचा पत्रा उचलून दाखवला. टेलिकास्टरच्या ब्रिज पिकअपखाली पत्रा असतो हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी तो चीर झाकायला लावला होता, आणि नंतरच्या एकाही पिकअपला चीर नव्हती.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. "काका, होईल ना तसाच?"

"होईल की," मी म्हणालो. "सत्त्याऐंशीशे होते. तेवढेच घालतोय."

मुलीनं वर पाहिलं नाही. काउंटर शून्यावर आणला, वही उघडी ठेवली आणि तार चिमटीत धरली. "जरा ढिली धर," मी फोनवर हात ठेवून म्हणालो.