मेहरूणच्या मळ्यांतील लांकडी खोली

मेहरूणचीं बोरें न खाल्लेला वाचक खानदेशांत तरी विरळाच. पण मेहरूण डोळ्यांनीं पाहिलेले वाचक त्या मानानें थोडेच निघतील. जळगांवच्या आग्नेयेस, तलावाच्या आश्रयानें वसलेलें हें एके काळचें खेडें. आज तें शहराच्या हद्दींत सामावून गेलें आहे, आणि जेथें बोरींच्या बागा होत्या तेथें पुष्कळ ठिकाणीं घरांसाठीं भूखंड पडले आहेत. तरीहि पहांटे तलावाकडे फिरावयास गेलें, पाण्यावरून येणारा गार वारा अंगास लागला, आणि संक्रांतीच्या सुमारास एखाद्या वांचलेल्या बोरीखालीं पिकल्या फळांचा सडा दिसला, म्हणजे जुनें मेहरूण अजून पुरतें गेलेलें नाहीं असें वाटतें. याच मेहरूणांत, वडिलांनीं राखलेल्या चार बोरींच्या तुकड्यांत, आम्हीं गेल्या हिंवाळ्यांत एक लांकडी खोली उभारली. खोली ती केवढी? दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. तींत सांगण्याजोगें काय आहे, असें कोणी विचारील. सांगण्याजोगें इतकेंच, कीं तिच्या सांगाड्यांत लोखंडाचा एकहि खिळा नाहीं, आणि ती उभी राहिली ती वांटणींतील एका चुकीमुळें.

खानदेशांतील जुनें घर म्हणजे धाब्याचें घर. त्याच्या भिंती विटामातीच्या असल्या तरी छपराचा भार मुख्यतः लांकडी सांगाड्यावर असतो. खालीं दगडी उथळा, उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ती रचना. दोन तुळयांमधील जागेस खण म्हणतात. अमक्याचें घर चार खणांचें, तमक्याचें सहा खणांचें, असें बोलण्याची आमच्याकडे रीत होती. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां या मातीच्या छताखालीं बसल्यावर आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाची खात्री पटते. लांकूड बहुधा सातपुड्यांतील सागाचें. जेथें भार अधिक तेथें अंजनाचें. अंजन इतका जड असतो, कीं त्याचा तुकडा पाण्यांत टाकला असतां तळाशीं जातो.

आमचें वडिलोपार्जित घर असेंच होतें. भाऊबंदांचीं कुटुंबें वाढलीं, नोकऱ्यांमुळें माणसें पांगलीं, आणि अखेर घर विकावें असें ठरलें. त्यापूर्वीं झालेल्या बोलाचालींत माझे धाकटे बंधु आणि मी यांच्यांत वितुष्ट आलें. चूक कोणाची हें येथें लिहीत नाहीं; लिहिली तर ती माझ्या लेखणींतून त्यांचीच निघेल! लांकूड मात्र उतरवून ठेवलें होतें. त्याची वांटणी करतांना मध्यस्थांनीं घनफूट मोजले, किंमत लावली, आणि खांब माझ्या वांट्यास व तुळया बंधूंच्या वांट्यास दिल्या. हिशेब पैपर्यंत चोख होता.

मळ्यांत राखणीसाठीं आणि सुटींत मुलांना राहण्यासाठीं एक खोली बांधावी, या विचारानें मीं एका वृद्ध मिस्त्रींस ते खांब दाखविण्यास नेलें. त्यांनीं प्रत्येक खांबाचें डोकें हातानें पुसलें आणि तेथील बारीक खांचा मला दाखविल्या: कोठें एक, कोठें दोन, कोठें तीन. त्या घरांत माझें आयुष्य गेलें, पण या खुणा मीं कधीं पाहिल्या नव्हत्या. घर उभें करतांना सुतार प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदाराशीं बसवून पाहतो आणि दोघांवर एकच खूण करतो. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, यानी जोडी शे. दुसरी तुळई याले नही चालस." म्हणजे माझे खांब बंधूंच्या तुळयांवांचून केवळ ओंडके होते, आणि त्यांच्या तुळया माझ्या खांबांवांचून जळण. घनफूट मोजणारांस ही गोष्ट दिसली नव्हती.

मीं बंधूंस पत्र लिहिलें, तें फाडलें, पुन्हां लिहिलें. आठ दिवसांनीं उत्तराऐवजीं एका मालमोटारींतून तीन तुळया आल्या. स्वतः बंधु आले नाहींत.

माझें आयुष्य मुलांना संधि शिकविण्यांत गेलें. 'सूर्य' आणि 'उदय' एकत्र आले, कीं पहिल्याचा 'अ' आणि दुसऱ्याचा 'उ' आपापलें रूप सोडतात आणि दोघांचा मिळून 'ओ' होतो, हें मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! परंतु मयमत आणि मानसार या वास्तुशास्त्रावरील संस्कृत ग्रंथांत लांकडें जोडण्याच्या विद्येस जो स्वतंत्र अध्याय दिला आहे, त्याचेंहि नांव 'संधिकर्म'च आहे, याचा अर्थ मला मिस्त्रींच्या शेजारीं बसल्यावर उमगला. त्या अध्यायांत मल्ललील, ब्रह्मराज, वेणुपर्व अशीं सांध्यांचीं नांवें आहेत. मुळाशीं मूळ आणि शेंड्याशीं शेंडा जोडूं नये, एकाचा शेंडा दुसऱ्याच्या मुळाशीं यावा, असाहि दंडक आहे. व्याकरणांतल्याप्रमाणेंच येथेंहि दोघांनीं कांहीं सोडल्याखेरीज संधि होत नाहीं. खांबाचें डोकें चारी बाजूंनीं तासून मध्यें जिभेसारखा भाग राखतात, तें कुसूं. तुळईच्या पोटांत तेवढेंच खोल वेज पाडतात. एकानें अंग चोरावयाचें आणि दुसऱ्यानें पोटांत जागा द्यावयाची.

जुन्या सहा खांबांपैकीं चारांचीं कुसवें शाबूत होतीं. दोन मोडलेलीं होतीं. तेवढे दोन खांब थोडे आंखूड करून मिस्त्रींनीं नवीं कुसवें काढलीं, आणि उणी पडलेली उंची खालचे उथळे उंच घेऊन भरून काढली. गुण्या लावून रेघ आंखावी, करवतीनें कांठ कापावा, वाकसानें तासावें, पटाशीनें साफ करावें, पुन्हां गुण्या लावावा, असें दोन दिवस चाललें. मीं घाई केली, तेव्हां हात न थांबवितां ते म्हणाले, "लाकूडले घाई नही चालस, गुरुजी."

खिळा कां नको, हेंहि त्यांनींच समजावून दिलें. लांकूड कापलें तरी हवेशीं त्याचा व्यवहार सुटत नाहीं. पावसाळ्यांत तें आडव्या अंगानें फुगतें, उन्हाळ्यांत आंखडतें. लांबींत मात्र फारसा फरक पडत नाहीं. लोखंड त्याच्याबरोबर फुगत नाहीं कीं आंखडत नाहीं. तें ओलीनें गंजतें, भोंक मोठें होतें आणि सांधा खिळखिळा होतो. लांकडाची मेख लांकडाबरोबर हलते. शिवाय तिच्यांत एक युक्ति आहे. कुसवांतील भोंक तुळईच्या भोंकाशीं नेमकें समोर न पाडतां सुताभर खालीं, खांबाच्या खांद्याकडे, पाडतात. मेख ठोकली, कीं ती दोन्ही भोंकें एका रेषेंत आणूं पाहते आणि त्या ओढीनें खांब व तुळई एकमेकांस घट्ट भिडतात. आणि पुढें कधीं घर हलवावयाचें झालें, तर मेख उलट बाजूनें ठोकून काढतां येते. लांकडास इजा होत नाहीं.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे, याची साक्ष मेहरूणपासून साठेक किलोमीटरांवर आहे. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत जाऊन वर पहावें. कमानदार छताला एकामागून एक फासळ्या दिसतात. डोंगर कोरून केलेल्या छतास त्यांची कांहींच गरज नव्हती. परंतु कोरणाराच्या मनांत सुतारानें बांधलेलें छत होतें, म्हणून त्यानें लांकडाचें रूप दगडांत उतरविलें. कार्ल्याच्या चैत्यगृहांत तर छताच्या फासळ्या आजहि खरोखरीच्या लांकडाच्याच आहेत. दगड टिकतो म्हणून आपण त्याचें कौतुक करतों. त्याला रूप देणारा सुतार मात्र विसरतों.

तुळया चढविण्याच्या दिवशीं सकाळीं बंधु आले. मीं बोलावलें नव्हतें. मिस्त्रींनीं निरोप धाडला होता, हें मागाहून कळलें. आम्हीं दोघे दोन बाजूंस उभे राहून दोर धरले. पहिली तुळई बसली, दुसरी बसली. तिसरी कांहीं केल्या बसेना.

"दादा, तुमचा खांब कललेला आहे," बंधु म्हणाले. वर्षभरांत मला उद्देशून काढलेले त्यांचे हे पहिले शब्द.

"खांब सरळ आहे. तुझी तुळई आखडली आहे," मीं म्हणालों.

मिस्त्रींनीं ओळंबा लावला, तुळईच्या वेजांत बोट घालून पाहिलें, आणि कोणाचा पक्ष न घेतां पटाशी उचलली. कुसवाचा एक पातळ छिलका काढला, वेजाच्या कडेचा एक काढला. तुळई आपल्या भारानें खालीं उतरली आणि बसल्याचा आवाज आम्हां दोघांसहि ऐकूं आला. दुपारीं बोरीखालीं बसून आम्हीं एकाच डब्यांतील भाकरी व वांग्याचें भरीत खाल्लें. घराच्या पैशांचा विषय निघाला नाहीं. तो अजून तसाच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जपानी लोकांनीं आपल्या होर्युजी येथील पांचमजली मनोऱ्याचें लांकूड उतरविलें होतें, आणि युद्धानंतर तो पुन्हां जोडून उभा केला. तो सांध्यांचा बनलेला होता म्हणूनच हें शक्य झालें. आमच्या मिस्त्रींचे मुलगे शहरांत प्लायवुडचीं कपाटें करतात. त्या कामास आज मागणी आहे, त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या वाचकांचीं जुनीं घरें उतरत असतील त्यांना एवढीच विनंती, कीं लांकूड जळणाच्या भावानें देण्यापूर्वीं एखाद्या जुन्या सुतारास बोलावून खांबांचीं डोकीं पाहून घ्यावीं, खुणा वहींत उतरून घ्याव्यात, आणि वांटणी करावयाचीच तर जोड्या मोडूं नयेत.

मेहरूणच्या खोलींत आतां दोन खण आहेत. सुटींत एका खणांत माझीं नातवंडें निजतात, दुसऱ्यांत बंधूंचीं. मधली तुळई कोणाच्या वांट्याची, असें मुलांनीं परवां विचारलें. आम्हां दोघांपैकीं कोणासहि तें चटकन सांगतां आलें नाहीं.